ताप नसलेला आजार: अतिवृद्ध, जर्जर शरीर विषाणूशी कसे लढते?

या टिपणात आपण तीन गोष्टी समजून घेणार आहोत. विषाणू शरीरात शिरल्यावर प्रतिकारसंस्था कोणत्या क्रमाने काम करते? ऐंशी-नव्वदीतल्या अशक्त माणसात त्या क्रमातल्या कोणत्या पायऱ्या बिघडतात? आणि त्या बिघाडावर लसीकरण व देखभाल यांच्या मार्गाने काय करता येते? बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलेले नसेल तरी हरकत नाही. लागतील त्या संज्ञा जागच्या जागी स्पष्ट केल्या आहेत. प्रस्तुत लेखक अभियांत्रिकीचा शिक्षक आहे, डॉक्टर नाही. म्हणून हे टिपण समजून घेण्यासाठी आहे, उपचार ठरवण्यासाठी नाही.

१. दारावरचा थर्मामीटर

२० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्ये चार जणांना कोविड-१९ झाल्याचे निष्पन्न झाले. मध्य प्रदेशातले हे पहिले रुग्ण. त्या दिवसांत राज्यात तपासणीची सोय मोजक्या ठिकाणी होती. जबलपूरच्या नागपूर रोडवरील राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेची प्रयोगशाळा त्यांपैकी एक. पुढच्या काही आठवड्यांत देशभर बँक, दुकान, दवाखाना, महाविद्यालय अशा प्रत्येक दारावर कपाळासमोर धरायचा पिस्तुलासारखा थर्मामीटर आला. आकडा ठरावीक मर्यादेखाली असला की माणूस आत.

मोजमापशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ही मर्यादा कोणाच्या शरीरावरून ठरवली? १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ही तापाची नेहमीची व्याख्या साधारण प्रौढ माणसाला लागू पडते. आता एका नव्वद वर्षांच्या कृश आजींचा विचार करा. त्यांचे रोजचे तापमान ९७ अंशांच्या आसपास असते. आज ते ९९.३ आहे. दारावरचा थर्मामीटर त्यांना निरोगी ठरवेल. पण त्यांच्या स्वतःच्या पातळीच्या तुलनेत ही २.३ अंशांची वाढ आहे. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धाश्रमांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार नेहमीच्या पातळीपेक्षा २ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १.१ अंश सेल्सिअस, याहून अधिक वाढ हाही तापच.

वृद्धांमधल्या गंभीर संसर्गांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांत ताप येतच नाही किंवा अगदी कमी येतो. ‘ताप नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा घरोघरी काढला जाणारा निष्कर्ष इथे धोक्याचा ठरतो. असे का होते, हे समजण्यासाठी आधी आकडे आणि मग यंत्रणा पाहू.

२. वयानुसार धोका

२०२० साली विकसित देशांतील माहिती एकत्र करून कोविडच्या संसर्गात मृत्यूचे प्रमाण वयानुसार काढले गेले. ते सुमारे असे होते: ५५व्या वर्षी ०.४ टक्के, ६५व्या वर्षी १.४ टक्के, ७५व्या वर्षी ४.६ टक्के आणि ८५व्या वर्षी १५ टक्के. दर दहा वर्षांनी धोका तीन ते साडेतीन पट होतो. म्हणजे वय क्ष-अक्षावर आणि धोक्याचा लॉगरिदम य-अक्षावर घेतला, तर जवळजवळ सरळ रेषा मिळते. ही लस येण्यापूर्वीची स्थिती आहे.

भारताचे चित्रही याला धरूनच होते. जुलै २०२०मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार देशात ६० वर्षांवरील लोक सुमारे १० टक्के, पण कोविडमृत्यूंत त्यांचा वाटा ५३ टक्के होता.

३. वय वेगळे, जर्जरता वेगळी

मात्र ही रेषा सरासरीची आहे. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला केरळमधील कोट्टायमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून ९३ वर्षांचे आजोबा आणि त्यांची ८८ वर्षांची पत्नी कोविडमधून बरे होऊन घरी गेले. त्याच काळात त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेले अनेकजण दगावत होते. तेव्हा जन्मतारीख हे एकच मोजमाप पुरेसे नाही.

दुसरे मोजमाप म्हणजे जर्जरता. शरीराची राखीव ताकद संपत आली आहे आणि लहानसा धक्काही त्याला सावरता येत नाही, अशी अवस्था. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तिच्या पाच खुणा दिल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमकुवत पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक असल्या तर ती व्यक्ती जर्जर. एक-दोन असल्या तर जर्जरतेच्या उंबरठ्यावर.

ब्रिटन आणि इटलीतील रुग्णालयांत दाखल झालेल्या दीड हजारांहून अधिक कोविडरुग्णांचा २०२०मध्ये अभ्यास झाला. रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज वय किंवा सहव्याधींपेक्षा जर्जरतेवरून अधिक चांगला येतो, असे त्यात आढळले. स्थापत्याच्या भाषेत सांगायचे तर पुलाचे वय किती याबरोबरच त्याचा सुरक्षा गुणांक किती उरला आहे, हे पाहायला हवे.

४. निरोगी प्रौढात काय घडते?

विषाणू स्वतः वाढू शकत नाही. तो आपल्या पेशीत शिरून तिच्याकडून आपल्या प्रती बनवून घेतो. त्याविरुद्धचे काम तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा, काही तासांत: संसर्ग झालेली पेशी विषाणूची जनुकीय सामग्री ओळखते आणि इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. ही धोक्याची घंटा. ती ऐकून शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी व्यवस्था सुरू करतात. याला सहज प्रतिकार म्हणतात. तो शत्रू कोण हे नेमके ओळखत नाही, पण वेळ मिळवून देतो.

दुसरा टप्पा, काही दिवसांत: विषाणूचे तुकडे जवळच्या लसीकाग्रंथीत नेले जातात. तिथे कोट्यवधी टी-पेशी व बी-पेशी असतात आणि प्रत्येकीचा ग्राही वेगळ्या आकाराचा असतो. ज्यांचा आकार जुळतो त्या निवडल्या जातात आणि भराभर वाढतात. मारक टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करतात, साहाय्यक टी-पेशी इतरांना दिशा देतात आणि बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. हा अर्जित प्रतिकार.

तिसरा टप्पा: काम संपल्यावर दाह शमतो. बहुतेक लढाऊ पेशी मरतात. थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात.

वेळेवर सुरू होणे, नेमके ओळखणे आणि वेळेवर थांबणे या तीनही गोष्टी जमल्या तरच माणूस बरा होतो. चांगल्या नियंत्रण प्रणालीकडून आपण हेच मागतो.

५. वृद्धापकाळात कोणत्या पायऱ्या बिघडतात?

(अ) घंटा उशिरा वाजते. उतारवयात अनेक पेशी इंटरफेरॉन कमी आणि उशिरा सोडतात. उशिराचा परिणाम किती, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. विषाणूंची संख्या दर ८ तासांनी दुप्पट होते असे मानू. प्रतिसाद ४८ तास उशिरा आला, तर या अवधीत ४८ भागिले ८, म्हणजे ६ वेळा संख्या दुप्पट होईल. २ चा सहावा घात ६४. म्हणजे लढाई सुरू होताना शत्रू ६४ पट मोठा असेल. प्रत्यक्षात वाढ इतकी सरळ नसते, पण मुद्दा तोच आहे: घातांकी वाढीत उशिराची किंमत घातांकीच असते.

काही वृद्धांत आणखी एक अडचण असते. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे असतात. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अत्यवस्थ कोविड असलेल्या ८० वर्षांवरील रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांत अशी प्रतिपिंडे सापडली. बाहेरून पाहता या व्यक्ती इतरांसारख्याच असतात. त्यांच्या घंटेची तार मात्र आधीच तुटलेली असते.

(आ) कोऱ्या टी-पेशी संपत येतात. ज्या टी-पेशीला अजून तिचा शत्रू भेटलेला नाही, तिला आपण कोरी टी-पेशी म्हणू. अशा पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. ही ग्रंथी बालपणापासूनच आटू लागते आणि साठीपर्यंत तिची बहुतेक जागा चरबीने घेतलेली असते. नवा पुरवठा जवळपास थांबतो आणि जुन्याच पेशींचे विभाजन करून संख्या राखली जाते. संख्या दिसते, पण आकारांची विविधता घटते. पूर्वी कधीच न आलेला विषाणू आला, तर त्याला जुळणारी पेशी सापडायला वेळ लागतो, कधी ती सापडतच नाही.

शिवाय स्मृतीची बरीच जागा आधीच अडलेली असते. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त राहतो. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या टी-पेशींची संख्या वर्षानुवर्षे वाढत जाते.

(इ) प्रतिपिंडांचा दर्जा खालावतो. बी-पेशी लसीकाग्रंथीत साहाय्यक टी-पेशींच्या मदतीने आपल्या प्रतिपिंडांना धार लावतात. हे सहकार्य वयानुसार ढिले पडते. प्रतिपिंडे कमी बनतात, विषाणूला कमी घट्ट चिकटतात आणि लवकर ओसरतात.

(ई) दाह धुमसत राहतो. १९९०च्या दशकापर्यंत समज असा होता की म्हातारपणी प्रतिकारसंस्था फक्त मंदावते. २००० साली इटलीचे क्लॉडिओ फ्रांचेस्की यांनी वेगळी बाजू मांडली: वृद्ध शरीरात कोणताही संसर्ग नसतानाही सौम्य दाह सतत चालू असतो. विभाजन थांबलेल्या जुन्या पेशी, पोटावरची चरबी आणि सुप्त विषाणू ही त्याची काही कारणे. याचे दोन तोटे आहेत. आधीच गोंगाट असल्यामुळे खरा इशारा उठून दिसत नाही; आणि एकदा मोठा दाह पेटला की तो लवकर विझत नाही. कोविडमध्ये अनेकांची फुप्फुसे विषाणूइतकीच या दाहामुळे निकामी झाली. दाह दाबणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही, हे २०२०मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले. योग्य औषधसुद्धा चुकीच्या टप्प्यावर उपयोगाचे नसते.

जर्जरता या चारही गोष्टींत भर घालते. स्नायू केवळ हालचालीसाठी नसतात. ते प्रथिनांचा साठा आहेत आणि टी-पेशींना टिकवणारे काही रासायनिक संदेशही ते सोडतात. स्नायू झिजले की लढाईची रसदच तुटते.

थोडक्यात, ‘म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य अपुरे आहे. ती उशिरा सुरू होते, नवे हळू शिकते आणि उशिरा थांबते. जुने शिकलेले मात्र बरेचसे टिकून असते. हे शेवटचे विधान पटवण्यासाठी पुण्याकडे जाऊ.

६. तीन विषाणू, तीन निकाल

पुणे, २००९. स्वाइन फ्लू म्हणून ओळखल्या गेलेल्या नव्या एच१एन१ विषाणूमुळे भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. मृत्यू पावलेली मुलगी १४ वर्षांची होती. या साथीत वृद्ध तुलनेने कमी सापडले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केलेल्या रक्ततपासणीतही संसर्गाचे प्रमाण शाळकरी मुलांत ठळकपणे अधिक दिसले. वृद्ध का वाचले? १९१८च्या साथीतल्या विषाणूचे वंशज १९५७पर्यंत जगभर फिरत होते आणि २००९च्या विषाणूचे बाह्यरूप त्यांच्याशी जुळणारे होते. अमेरिकेतील एका अभ्यासात १९५०पूर्वी जन्मलेल्यांपैकी ३४ टक्क्यांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला रोखू शकणारी प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात आढळली. १९८०नंतर जन्मलेल्यांत हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. लहानपणी शिकलेला धडा साठ वर्षांनी कामी आला. ज्या वृद्धांना तरीही संसर्ग झाला, त्यांच्यात मात्र आजार गंभीर होण्याचा धोका मोठाच होता.

कोविड, २०२०. इथे कोणाकडेच नेमकी जुनी स्मृती नव्हती. सर्वांना नव्याने शिकायचे होते, आणि नव्याने शिकणे हीच वृद्ध प्रतिकारसंस्थेची सर्वांत कमकुवत बाजू. म्हणूनच वयाची रेषा इतकी चढी.

नागीण, घरोघरी. लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही; मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. वय वाढते, पहारा सैल होतो आणि पन्नास-साठ वर्षांनी तोच विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. कमरेला किंवा छातीला एका बाजूने फोडांचा पट्टा उठतो आणि आग होते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे अजूनही म्हटले जाते. ते खरे नाही. पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबतो, कारण तो मज्जातंतू त्या बाजूपुरताच असतो. खरा त्रास पुढे असतो: फोड गेल्यावरही महिनोन्महिने वेदना राहू शकतात. विषाणूरोधक औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले सर्वांत चांगले. पाला वाटून लावण्यात गेलेले तीन दिवस म्हणूनच महाग पडतात.

७. ताप का येत नाही?

ताप विषाणू आणत नाही, शरीर आणते. दाहक संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतात आणि तिथला तापमानाचा ‘सेट पॉइंट’ वर सरकतो. मग शरीर कुडकुडून उष्णता निर्माण करते आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून ती राखते. जर्जर माणसात संदेश कमी पोहोचतो, कुडकुडायला स्नायू नसतात आणि रक्तवाहिन्या नीट आकसत नाहीत. थर्मोस्टॅट, हीटर आणि इन्शुलेशन तिन्ही कमकुवत.

मग आजार दिसतो कशातून? अचानक आलेला गोंधळ, माणसे न ओळखणे, दिवसभर झोपून राहणे, जेवण सोडणे, तोल जाऊन पडणे, कपड्यात लघवी होणे. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध कोविडरुग्णांपैकी २८ टक्क्यांत असा तीव्र गोंधळ होता. घरात याला ‘वयामुळे होतंय’ म्हटले जाते. पण काल ठीक असलेली आजी आज सकाळी बरळू लागली, तर ते वय नाही. वय एका रात्रीत वाढत नाही.

८. वृद्ध प्रतिकारसंस्थेला शिकवता येते का?

येते, शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. नागिणीच्या दोन लसी हे याचे उत्तम उदाहरण. जुनी लस दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची होती. ६० ते ६९ वयोगटात ती सुमारे ६४ टक्के परिणामकारक ठरली, सत्तरीनंतर सुमारे ३८ टक्केच. नव्या लसीत विषाणूचे एकच प्रथिन आहे, पण सोबत प्रतिकारसंस्थेला जोरात हलवून जागे करणारा सहायक घटक आहे. चाचणीत ती सत्तरीपुढच्या लोकांतही सुमारे ९० टक्के परिणामकारक ठरली. विद्यार्थी तेच, वयही तेच, शिकवणी बदलली. ही लस २०२३पासून भारतात मिळते, पण महाग आहे.

दुसरा मार्ग मात्रा वाढवण्याचा. फ्लूच्या नेहमीच्या लसीत प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन असते; वृद्धांसाठीच्या एका लसीत ते ६० मायक्रोग्रॅम आहे. ६५ वर्षांवरील लोकांच्या मोठ्या चाचणीत या लसीने नेहमीच्या लसीपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक संरक्षण दिले.

तिसरा मार्ग उजळणीचा. भारतात ६० वर्षांवरील लोकांचे कोविड लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना तिसरी, ‘प्रिकॉशन’ मात्रा १० जानेवारी २०२२पासून मिळू लागली. दोन मात्रांनंतर वृद्धांची प्रतिपिंडे कमी बनतात आणि लवकर ओसरतात, हे लक्षात घेतले की तिसऱ्या मात्रेचे कारण कळते.

चौथा मार्ग आपल्या हातात आहे. आजीची लस कमी काम करत असेल, तर तिच्याभोवतीच्या माणसांनी लस घ्यावी, सर्दी-खोकला असताना तिच्यापासून दूर राहावे आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

९. घरची पायाभूत नोंद

कोणत्याही उपकरणाचे वाचन शून्याच्या संदर्भातच अर्थपूर्ण असते. घरात जर्जर वृद्ध व्यक्ती असेल, तर ती बरी असतानाच आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच थर्मामीटरने तापमान घ्या. सोबत नाडी, ऑक्सिमीटरवरचा आकडा, जेवणाचे प्रमाण आणि चालण्याची नेहमीची पद्धत लिहून ठेवा. हा त्या व्यक्तीचा ‘शून्य’. पुढे शंका आली की याच्याशी तुलना करा आणि डॉक्टरांना ही वही दाखवा. ‘ताप ९९ आहे’ यापेक्षा ‘रोज ९७ असतो, आज ९९.३ आहे आणि सकाळपासून जेवली नाही’ हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते.

‘पिकलं पान गळायचंच’ असे म्हणून आपण पुष्कळदा लवकर हात टेकतो. पान पिकलेले असते हे खरे. पण ते वयाने गळते आहे की उपचार होऊ शकणाऱ्या संसर्गाने, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

स्वाध्याय

१. विषाणूची संख्या दर ६ तासांनी दुप्पट होते असे माना. प्रतिसादाला ३६ तास उशीर झाला तर संख्या किती पट होईल? उशीर ७२ तासांचा झाला तर? दोन्ही उत्तरांची तुलना करा.
२. २००९च्या साथीत वृद्धांना संसर्ग कमी आणि २०२०च्या साथीत मृत्यू अधिक, असे का झाले? ‘कोरी टी-पेशी’ आणि ‘स्मृतिपेशी’ या संज्ञा वापरून उत्तर लिहा.
३. दारावरच्या तापमान-तपासणीत मर्यादा खाली आणली, तर वृद्ध रुग्ण अधिक सापडतील. पण त्याचा तरुणांवर काय परिणाम होईल? सर्वांना एक मर्यादा आणि प्रत्येकाची स्वतःची पायाभूत पातळी, या दोन पद्धतींची तुलना करा.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीची, तिच्या संमतीने, सात दिवसांची तापमान-नोंद ठेवा. सरासरी काढा आणि ती ९८.६ अंशांपेक्षा किती वेगळी आहे ते पाहा.